सुकट मॅडम

फोन आला तेव्हा मी बोईसरच्या बाजारात दाढीचा ब्रश घेत होते. दुकानदाराने समोर तीन-चार ब्रश मांडले होते आणि "साहेबांना कुठला चालतो?" असं तो विचारत होता. साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या ब्रशचं काही देणंघेणं नव्हतं. तो माझ्या नणंदेला हवा होता, बंदुकीचे छर्रे झटकायला. जुन्याचे केस गळायला लागलेत, नवा आण, मऊ बघून आण, दुकानात गालाला लावून बघ, लाजू नको, असा चिंचणीहून हुकूम होता. मी खरोखरच ब्रश गालाला लावून बघत होते आणि फोन वाजला. दीक्षा होती, हेमाताईंची विद्यार्थिनी. "काकी, मॅडम खुर्चीत बसल्यात… हाक मारतेय तर बोलत नायत." मी तिला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, पण तिच्या आवाजावरून काय ते मला कळलं होतं. ब्रश पिशवीत टाकून मी रिक्षात बसले आणि चिंचणी येईपर्यंत रिक्षावाल्याशी एक शब्द बोलले नाही, ही माझ्या बाबतीत मोठी गोष्ट आहे. त्याला आता महिना उलटून गेला.

हेमाताई माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नणंद-भावजयीचं पटत नाही असा एक समज आहे, आणि आम्ही तो खोटा पाडण्याचा कधी प्रयत्न केला नाही. त्यांना माझी माशाची आमटी पातळ वाटायची, मला त्यांचं सगळंच जाड वाटायचं… आवाज, चपला, चष्म्याची काच. सासऱ्यांची मासेमारीची होडी होती, सासूबाई बाजारात बसत. त्या घरातली मुलगी कॉलेजात एनसीसीत गेली, तिथे पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि मग ती सुटली नाही. पुढे बोईसरच्या एका शाळेत त्या पीटीच्या मॅडम झाल्या. लग्न केलं नाही. "राहून गेलं का हो?" असं कोणी विचारलं तर "राहून नाय गेलं, मीच पुढे गेले," म्हणायच्या आणि विचारणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायच्या. नोकरी संपल्यावर त्यांनी चिंचणीच्या घरातली जाळ्यांची खोली रिकामी केली. होडी केव्हाच विकली गेली होती, आणि जाळी पसरायची म्हणून ती खोली लांबच लांब बांधलेली. दहा मीटर अगदी आरामात बसायचे. एका टोकाला कागदाचं लक्ष्य, दुसऱ्या टोकाला टेबल, आणि आजूबाजूच्या गावांतली पोरं-पोरी. गल्लीतले म्हातारे दारातून डोकावून विचारायचे, "काय गं हेमा, शिकार कशाची?" त्या म्हणायच्या, "कागदाची. तुमी उभे राहता का समोर?"

बंदूक हवेची होती, पंपाची. नळीखालचा दांडा दरवेळी पुरा ओढून हवा भरायची, मग एक छर्रा घालायचा, मग नेम. मुंबईच्या एका निवृत्त नेमबाजाकडून त्यांनी ती वापरलेली घेतली होती. मला वाटायचं, बंदूक आली, छर्रे आले, आता नेम धरा आणि मारा. पण ताईंचं खरं काम नेम धरायच्या आधीच सुरू व्हायचं. नव्या डब्यातले छर्रे त्या पांढऱ्या कापडावर ओतायच्या, ब्रशने झटकायच्या, सोनाराच्या काट्यावर एकेक तोलायच्या. छर्र्याचा मागचा भाग परकरासारखा पसरट असतो, त्याला त्या घेर म्हणायच्या. तो घेर भिंगाखाली धरून गोल फिरवायचा, कुठे चेपलाय का बघायचं, चेपलेला बाजूला. मग निवडलेल्यांची परीक्षा. माझ्या नवऱ्याने कारखान्यातून एक जुना लोखंडी वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा शिकंजा, आणून टेबलाला घट्ट बसवून दिला होता. त्याच्या जबड्यात, मध्ये कापड घालून, रायफल आवळायची, म्हणजे माणसाच्या हाताचा संबंधच नाही. एका जातीचे पाच छर्रे मारायचे आणि कागदावरची भोकं बघायची. मी एकदा म्हटलं, "ताई, डब्यावर नाव तर सगळ्यांच्या एकच आहे." त्या म्हणाल्या, "सुलू, बाजारात सगळ्या पाटीत पापलेटच असतं. म्हनून तू न बघता घेतेस काय?" त्यांच्या मते प्रत्येक बंदुकीची आवड वेगळी, आणि तिला काय आवडतं ते तिलाच विचारावं लागतं.

कागदावर भोकं जवळजवळ पडली तर बाकीचे नेमबाज त्याला ग्रुप म्हणतात. ताई वाटा म्हणायच्या. सासूबाई बाजारात मांदेलीचे, कोलंबीचे वाटे लावायच्या ना, तोच शब्द. "वाटा घट्ट पडला", "वाटा सैल झाला", "हा एक वाट्यातनं पळाला". एका स्पर्धेत त्या पंचाला म्हणाल्या, "पोरीचा वाटा तर बघा", आणि तो बिचारा म्हणाला, मॅडम, इथे वाटे-हिस्से काही नसतात, फक्त प्रमाणपत्र मिळतं. ही गोष्ट मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. ताईंनी मला कधी थांबवलं नाही. उलट मी काही विसरले तर त्याच भर घालायच्या.

दीक्षा त्यांच्याकडे आली ती काही वर्षांपूर्वी, वाणगावच्या पलीकडून, डोंगराकडच्या पाड्यातून. घरची थोडी पावसाळी शेती, भात निघालं की आई-वडील वीटभट्टीवर जायचे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. हात असा स्थिर, की ताई तिच्या मनगटावर पाण्याचा पेला ठेवून दाखवायच्या. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, यंदा जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर शिक, नाही झाली तर दिवाळीनंतर आमच्याबरोबर भट्टीवर चल. त्यात रागाचा भाग नव्हता, एका माणसाची मजुरी बुडत होती. निवड चाचणी पालघरला होती, भर श्रावणात. ताईंनी दीक्षासाठी आधीपासून छर्रे निवडले, तोलले, वाइसवर तपासले. वाटा असा पडला होता की पाच भोकांचं एकच भोक. मग त्यांनी त्या छर्र्यांच्या कागदी पुड्या बांधून बाजूला ठेवल्या, चाचणीच्या दिवसासाठी.

चाचणीच्या दिवशी मीही सोबत गेले होते. दीक्षाचा वाटा पार उधळला. एक नवाच्या वर्तुळात, एक सातात, एक कुठेतरी वर. पोरगी प्रत्येक वेळी नेम धरायला जास्त वेळ घ्यायला लागली, खांदे आखडले, डोळ्यांत पाणी. बाहेर आली तेव्हा सगळे म्हणाले, घाबरली. एक प्रशिक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाड्यावरच्या मुलींचं असंच होतं, एवढी माणसं बघून गांगरतात." तिचे वडील तिथेच उभे होते. त्यांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. दीक्षा म्हणाली, "माझंच चुकलं, मॅडम." ताई काही बोलल्या नाहीत. मला त्यांचं ते गप्प बसणं खटकलं, कारण दोन शब्द धीराचे कोणीही बोलतं.

दुसऱ्या दिवशी मी चिंचणीला गेले तर ताई सकाळपासून खोलीत. रायफल वाइसमध्ये आवळलेली, समोर उरलेल्या पुड्या. कागदावर वाटा नव्हताच, अख्खा बाजार पसरला होता. मग त्यांनी एक छर्रा भिंगाखाली धरला. घेराच्या आत पांढरी पूड बसलेली. शिशाला ओल आणि खार लागला की असं होतं, जाळ्याच्या शिशाला होतं तसंच. त्यांनी पुडी नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली. सुकटीचा वास. झालं होतं ते इतकंच, की त्या पावसात छर्र्यांच्या कपाटामागच्या भिंतीला ओल आली, आणि ताईंनी जिवापाड जपायच्या म्हणून त्या पुड्या घरातल्या सगळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. आमच्या घरात सगळ्यात घट्ट झाकण सुकटीच्या डब्याचं. डबा पुसला होता, धुतला नव्हता. श्रावणात धुतलेला डबा वाळणार कधी? आणि त्या दिवशी कोणाच्या नाकाला कसं कळलं नाही म्हणाल तर, ज्या घरात तिन्ही त्रिकाळ सुकट आहे तिथे तिचा वास वेगळा कोणाला येणार? मला हसू आलं. ताई हसत नव्हत्या. "पोरगी नाय चुकली," एवढंच म्हणाल्या.

माझ्या नवऱ्याने त्यांना समजावलं. ताई, निवड तर होऊन गेली, आता सांगून काय मिळणार, उगाच लोक तुलाच नावं ठेवतील. ताईंनी ऐकून घेतलं आणि पायात चपला घातल्या. त्या पाड्यावर गेल्या आणि दीक्षाच्या वडिलांना चिंचणीला घेऊन आल्या. तो माणूस खोलीच्या दारातच अंग चोरून उभा राहिला. ताईंनी त्याला टेबलाशी बसवलं. "भाऊ, बंदूक बांधलेली हाय. नेम मी धरत नाय, तुमची पोर पन धरत नाय. घोडा तुमी दाबा." पंप ताई मारायच्या, छर्रा दीक्षा घालायची, घोडा वडील दाबायचे. आधी सुकटीच्या डब्यातले पाच, मग नव्या कागदावर कोरड्या डब्यातले पाच. ताईंनी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी दुसऱ्या कागदावरच्या भोकावर अंगठा ठेवला, सगळी भोकं अंगठ्याखाली झाकली गेली. पहिल्या कागदावर पंजा पसरावा लागला. "म्हनजे ही घाबरली नव्हती," ते म्हणाले. "नाय," ताई म्हणाल्या. "छर्रे मी निवडले, मीच ठेवले. चूक माझी हाय. तुमच्या पोरीची नाय." मी तिथेच होते. इतकी वर्षं ज्या बाईशी मी आमटीवरून भांडले, तिचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी उठून आत गेले आणि विनाकारण भांडी लावत बसले.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. जिल्ह्यातल्या प्रशिक्षकांच्या पुढच्या बैठकीत उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, डब्यासकट. निवड बदलली नाही, बदलणारही नव्हती. पण दीक्षाच्या नावापुढचं ते 'घाबरते' पुसलं गेलं आणि ताईंच्या नावापुढे 'सुकट मॅडम' लागलं. लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले. ताई फोन उचलून स्वतःच म्हणायच्या, "हां, सुकट मॅडम बोलतेय." वडिलांनी त्या वर्षी दीक्षाला भट्टीवर नेलं नाही, ताईंकडे ठेवलं. पुढच्या वर्षी ती जिल्ह्याच्या संघात आली, मग राज्यावर खेळली, पदकही आणलं. आज ती एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि दर रविवारी चिंचणीला येते. ताई गेल्या त्या सकाळीही रविवारच होता.

तेराव्याला बरीच माणसं आली. ताईंच्या हाताखालून गेलेली पोरं आता बापये झालेली, कोणी पोलिसात, कोणी कारखान्यात. ओटीवर बसून पदकांच्या गोष्टी चालल्या होत्या. दीक्षाचे वडील एका बाजूला होते. कोणीतरी त्यांना म्हणालं, मॅडममुळे तुमच्या मुलीला पदक मिळालं. ते म्हणाले, "पदक काय… मिळालं ते बरंच झालं. पन शाळेत, दवाखान्यात, भट्टीवर, आमी जातो तिथं सगळे आमालाच बोलतात, तुमचं चुकलं. माझं चुकलं असं आमच्या दारात येऊन बोलनारी एकच बाई मी बघितली." माझा नवरा, ज्याने ताईंना जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तो उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

खोलीचं काय करायचं हा प्रश्न घरात निघालाच. समुद्राजवळची जागा, सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने देता येईल, असं एक-दोन नातेवाईकांनी सुचवलं. नवरा नाही म्हणाला. मला काही म्हणावं लागलं नाही, याचं मला थोडं वाईटच वाटलं, मी चांगली तयारी करून बसले होते.

गेल्या रविवारी दीक्षाने खोली उघडली. मी कोपऱ्यात स्टूल घेऊन बसले होते, आता मीही छर्रे झटकते, नव्या ब्रशने. चिंचणीचीच एक नवी मुलगी नेम मारत होती, कोळीवाड्यातली, नाकात बारीक चमकी. तिचे तीन छर्रे बरे गेले आणि मग दोन पार बाहेर. पोरीने रायफल खाली केली आणि मान खाली घालून दीक्षाला म्हणाली, "ताई, माझं चुकलं." दीक्षाने तिच्या हातातून रायफल घेतली, टेबलाशी नेली, कापड घालून वाइसमध्ये ठेवली आणि दांडी फिरवून आवळायला लागली. मग मागे न बघता म्हणाली, "थांब, आधी माझं बघू दे." मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली आणि चमकीशी चाळा करत बघत राहिली. घाबरलेली दिसत नव्हती.