दोन तुकडे गोडावण

कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? तीस वर्षं गोव्यातल्या पेडण्यात भूगोल शिकवला मी, आणि त्या भूगोलानेच मला जवळजवळ तुरुंगात घातलं होतं.

फळ्यावर वाळवंट काढायचं म्हणजे तीन टेकड्या आणि एक उंट. आमच्या बाजूला वाळवंटी नावाची चीज एकच, डिचोलीकडची नदी, आणि तीही पाण्याने भरलेली. म्हणून निवृत्त झाल्यावर बायकोला, शैलाला, म्हटलं, खरं वाळवंट एकदा बघून येऊ. गेलो जैसलमेरला, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला साखर आहे. गणेश चवथीला नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा आमच्याकडे कुलपात असतो, आणि किल्ली शैलाच्या कमरेला.

तर जीपवाला भंवरजी, मोठ्या मिशांचा सज्जन माणूस, पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, “साब, कल सुबह-सुबह निकलेंगे. नसीब हुआ तो गोडावण मिल जाएगा. अब बहुत कम बचा है.”

गोडावण! आमच्याकडे गुळाला गोड म्हणतात, पक्वान्नाला गोडशें. मग गोडावण म्हणजे काय असणार, तुम्हीच सांगा. मी मनात चित्र रंगवलं: तुपात भिजलेलं, वर बदाम, आणि उशीर केला की संपणारं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चांगला माल सकाळीच उडतो, तसंच.

सकाळी शैला शाल आणायला खोलीत गेली, तेवढ्यात मी भंवरजीला बाजूला घेतलं. “गोडावण मिला तो दो पीस मुझे अलग से देना. मॅडम को पता नहीं चलना चाहिए.”

त्याच्या मिशा खाली आल्या. असं बोलू नका, पाप लागेल, असं तो म्हणाला. मला वाटलं, बिचाऱ्याला माझ्या साखरेची काळजी. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, एकदा खाल्ल्याने काही होत नाही, मी घरीही चोरून खातो. वर विचारलं, तुपात तळतात की दुधात शिजवतात? आमच्याकडे असतं तर नारळाच्या रसात सोडलं असतं.

शैला येऊन बसताच भंवरजीने जीप जोरात हाणली.

बाहेरचं वाळवंट मात्र माझ्या फळ्यासारखं अजिबात नव्हतं. दगडाळ माळ, पिवळं गवत, मध्येच एखादं खेजडीचं झाड, आणि वाळू अधूनमधून, चवीपुरती. तीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं, म्हणून मी हळहळतोय, तोवर जीप वनखात्याच्या चौकीसमोर थांबली. भंवरजी आत गेला. गोडावण इथेच मिळतं वाटतं, असं समजून मी रुमालाने हात पुसून तयार झालो.

बाहेर आले खाकी कपड्यातले तिघे. माझी पिशवी उघडली. आत चमचा आणि रिकामा स्टीलचा डबा.

“ये डब्बा किसलिए?”

“गोडावण घर ले जाने के लिए,” मी खरं तेच सांगितलं. शैलाला कळू नये म्हणून हळू आवाजात सांगितलं, एवढंच.

मग काय विचारता! शिकार, कायदा, जेल. कोण मारतं, कोण विकतं, आधी किती खाल्लेत? पेडण्याचा मास्तर राजस्थानच्या कोठडीत, हे गावात कळलं तर?

शैला मात्र त्यांच्या पाठीमागच्या फलकाकडे बघत होती. त्यावर उंच मानेचा एक भलामोठा पक्षी, आणि खाली नाव: गोडावण. आपल्या माळढोकाचं तिकडचं नाव.

“अहो, तुमी तेंका काय सांगलात?” तिने विचारलं. मी सांगितलं. ती पायरीवर बसून हसली. मग पर्समधून माझ्या साखरेवरच्या गोळ्या काढून त्या तिघांतल्या साहेबांपुढे मांडल्या आणि म्हणाली, “हमारे यहाँ गोड मतलब मीठा. ये आदमी शिकारी नहीं, चोर है. मुझसे छुपाके मीठा खाता है.”

साहेब इतके हसले की त्यांनी टोपी काढून ठेवली. तरी रीत म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं: ‘मैं गोडावण कभी नहीं खाऊँगा.’ एक प्रत त्यांना, एक मला. मग स्वतः जीपमध्ये बसून त्यांनी आम्हाला आत नेलं. लांब गवतात एका गोडावणाने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश चालत निघून गेलं. तेही सुखरूप, मीही सुखरूप. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

पण माझी प्रत शैलाने घेतली. आता ती नेवऱ्यांच्या कपाटाला चिकटवलीय. तिने पेनाने ‘ावण’ एवढंच खोडलं. राहिलं, ‘मैं गोड कभी नहीं खाऊँगा.’ खाली सही माझी, आणि वनखात्याचा शिक्का.