एका टायमाले एकच

सत्तरच्या दशकात नागपूरच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझे एक ज्येष्ठ सहकारी शेजारच्या टेबलावर काम करायचे. आम्ही सुजेवरचं औषध शोधत होतो. रेणूवरचा कोणता गट काढून कोणता बसवायचा, हे ते अंदाजानं कधीच ठरवत नसत. मिथाइलच्या जागी क्लोरीन बसवला की उंदरांची सूज किती उतरली ते पाहायचे आणि आलेखाच्या कागदावर एक ठिपका द्यायचे. पुढचा गट ते ठिपके बघूनच निवडायचे.

एकदा घाईत मी दोन गट एकदम बदलले. त्यांनी ठिपका द्यायलाच नकार दिला. "फरक कोणत्यानं पडला, सांग ना गा! एका टायमाले एकच बदलत जाय." चहातसुद्धा तेच. साखर कमी केली, त्या दिवशी आल्याचं प्रमाण तेवढंच.

पुढे त्यांच्या बायकोचा ताप उतरेना. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी चालू असलेली तिन्ही औषधं एकदम बदलली, आणि वहिनी उठून बसल्या. मी भेटायला गेलो होतो, तेव्हाच डॉक्टर म्हणाले, "आता एकेक बंद करून पाहू. कशानं गुण आला ते कळेल."

मी हसून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डॉक्टरांना हात जोडले.

"तिन्ही चालू राहू द्या, डॉक्टरसाहेब. मले नाही जाणून घ्याचं."