शुश्किनचा शाप

शेप्शेल शुश्किन यास स्वतःचे नाव उच्चारता येत नसे. ज्या यिडिश भाषेत तो नाटके करी, तिचेही नाव तो ‘यिडिस’ असे घेई. वॉर्सा शहराने हा अपराध त्यास सत्तावीस वर्षांत एक दिवसही विसरू दिला नाही. तो विल्नाकडचा. तिकडे ‘श’ आणि ‘स’ यांत भेद करण्याचे कष्ट कोणी घेत नाही. कंपनीच्या मालकाने पहिल्या दिवशी नाव विचारले, याने “सेप्सेल सुस्किन” असे सांगितले आणि जाहिरातीवर तेच छापले गेले. दुरुस्तीसाठी त्याने तीन अर्ज केले. एकाचेही उत्तर आले नाही.

त्याची महत्त्वाकांक्षा एकच होती: आपल्या तोंडच्या वाक्याने एकदा तरी भरलेले प्रेक्षागृह रडावे. पहिल्याच वर्षी तशी संधी आली. पळून जाणाऱ्या मुलीला बाप शाप देतो, असा प्रवेश होता. शुश्किन रंगमंचाच्या कडेपर्यंत आला, त्याची दाढी थरथरली, आणि तो गरजला, “जा. माझा साप तुझ्या पाठीसी राहील.”

“चावतो का हो?” माडीवरून कोणीतरी चौकशी केली.

त्या दिवशी नाटक पुढे सरकले नाही.

पुढे मालकाने त्यास मुके भिकारी, झोपलेले पाहुणे आणि प्रेते दिली. प्रेत म्हणून त्याने नाव काढले, हे मान्य केले पाहिजे. शेजारच्या वुज शहरातली मंडळी केवळ त्याचे मरण पाहण्यासाठी आगगाडीने येत. मूकपटांतही त्याचा चेहरा चालला. ज्या धंद्यात माणसाची कदर तो मेल्याचे सोंग घेतो तेव्हाच होते, त्या धंद्याविषयी अधिक काय लिहावे?

मग बोलपट आले. सदतीस साली दिग्दर्शक हेनेख ब्राउडे याने तेच जुने नाटक पडद्यावर आणायचे ठरवले. बापाचा चेहरा त्यास शुश्किनचाच हवा होता. मात्र रविवारच्या चाचणीत ‘शाप’ स्वच्छ उमटला नाही, तर भूमिका वेल्व्ह कोरमानला जाणार होती. कोरमान अस्सल वॉर्साचा. उच्चार निर्मळ, चेहरा नुकत्याच जेवलेल्या माणसाचा.

शुश्किनची बायको फ्रेडल हिने शिकवणी घेतली. तीही वॉर्साचीच. वीस वर्षे ती वॉर्साच्या रीतीने माशात साखर घालत होती आणि तो विल्नाच्या रीतीने त्यावर मिरपूड पेरत होता.

“अहो, जीभ मागे घ्या. शाप.”

“साप.”

“गेला बिळात. पुन्हा म्हणा.”

“फ्रेडल, माझ्या आईनं मला असंच सिकवलंय.”

“तुमच्या आईनं मासा करायलाही असंच शिकवलंय. म्हणा, शाप.”

आठवडाभरात त्यास ‘श’ सापडला. इतका, की मग सुटेना. चाचणीत तो कडाडला, “माझा शाप तुझ्या पाठीशी राहील. शात पिढ्या शोशशील.”

ब्राउडेने डोळे मिटून घेतले. “शुश्किन, तुम्ही घरी जा. कोणीतरी कोरमानला बोलवा.”

बोलवावे लागले नाही. कोरमान दाढी चिकटवून दारातच उभा होता. ती दाढी पाहताच शुश्किनला सत्तावीस वर्षे एकदम आठवली. त्याने कोरमानवर बोट रोखले. “जा. माझा साप तुझ्या पाठीसी राहील. सात पिढ्या सोससील.”

कोरमान एक पाऊल मागे सरला. कोणी हसले नाही. कॅमेरा थांबवण्याचे कोणास सुचले नव्हते.

“हेच ठेवू,” ब्राउडे म्हणाला. “हा चेहरा बघताना अक्षर ऐकू येत नाही.”

वॉर्साला मात्र ते नीट ऐकू आले. प्रेक्षक खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले, आणि एका विद्वान समीक्षकाने शुश्किनची गणना उत्कृष्ट विनोदी नटांत केली. शुश्किन चार दिवस घराबाहेर पडला नाही.

पाचव्या दिवशी चित्रपट विल्नाला लागला. नवराबायको तिथे जाऊन मागच्या रांगेत बसली. पडद्यावरच्या बापाने बोट उगारले. “माझा साप तुझ्या पाठीसी राहील.”

सभागृहात रुमाल निघाले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदके देत शेजारणीला म्हणाली, “पोटच्या पोरीला साप दिला गं त्यानं. कसं सोसायचं तिनं?”

फ्रेडलला आवरले नाही. शालीत तोंड खुपसूनही तिचे खुदखुदणे बाहेर आले. म्हातारीने वळून ओठांवर बोट ठेवले.

“स्स्स.”

“स्स्स,” साऱ्या रांगेने तिला दटावले.

शुश्किनने रुमाल काढून डोळे टिपले. “ऐकलंस ना?” तो हळूच म्हणाला. “सांत बस.”