कंप्युटरला घातलेला हार

तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्टच्या हापिसात मी झाडलोट करायची, चा करायची. त्याआधी तळोज्याच्या कंपनीत ड्रम धुवायची, तर तिथला कंत्राटदारच एक दिस गायब झाला. नवरा बाजारात गोन्या उचलायचा, तो त्याच्याही आधी गेला व्हता. बोनकोड्यात भाड्याची खोली, दोन पोरं, आन् हापिसचं हे काम. ते सुटलं असतं तर चूल बंद. एवढंच सांगते, जास्ती रडगानं कशाला.

खंडेनवमीला हापिसात कंप्युटर आला. शेटला हौस दांडगी. कंप्युटरवाला सकाळपासून त्याच्या तोंडात एकामागून एक चपट्या फ्लॉप्या घालत बसला.

"काय करतोस रं?" मी इचारलं.

"मावशी, ह्याच्यात जीव घालतोय."

"घाल बाबा. तोवर चा घे."

शेवटची फ्लॉपी आत गेली आन् शेटचा मुहूर्त आला. "बंद कर, पूजा हाय!"

"शेट, एकदा बंद करून परत चालू करून बघतो की."

"आता न्हाई. पूजेला बसलेलं हत्यार चालवायचं नसतं. दसरा झाल्यावर."

मग पान्याशेजारी, जॅकशेजारी कंप्युटर मांडला. हळदकुकू वाहिलं, नारळ फोडला. शेटनं खोक्याला झेंडूचा हार घातला, एवढा जाड की खोक्याचं तोंडच दिसंना. वर बजावलं, "हार कुनी काढायचा न्हाई. सुकून गळंना का."

दसरा झाला, हापिस उघडलं. कारकुनानं बटन दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आन् तिथंच बसली. बंद केलं, चालू केलं, परत तेच.

कारकुनानं वाचलं. "डिस्क खराब म्हनतोय. आत पानी गेलं असनार."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. हापिसात पानी म्हंजे मीच.

"मावशी, ओलं फडकं मारलंस?"

"कोरडं मारलं."

"तू आन् कोरडं?"

नारळ फोडताना शेटनं निम्मं पानी खोक्यावरच उडवलं व्हतं. पर ते देवाचं पानी. त्यानं काय बिघडत नसतं.

शेट म्हनला, "मशीन गेलं असलं तर उद्यापासनं येऊ नको."

मी म्हनलं, "बरं." दुसरं काय म्हननार? आन् चा टाकायला गेले, कारन आज येऊ नको असं कुनी म्हनलं नव्हतं.

तिकडं कारकुनानं वायरी काढल्या, घातल्या, फुंकल्या. एक ड्रायव्हर म्हनला, "धक्का मारून बघा, माझी गाडी तशीच चालू व्हते." शेटनं परत उदबत्ती लावली. एवढी उलथापालथ केली, पर हार कुनी हलवला न्हाई. वायर ओढताना सुदिक एक जन तो दोन्ही हातांनी सांभाळून धरायचा.

दुपारी कंप्युटरवाला आला. "शेट, हार काढावा लागंल."

"हार न्हाई काढायचा."

"मग खोकं उघडू कसं?"

शेटनं चपला काढल्या, हात जोडले आन् सोताच हार उतरवला. खाली फटीत फ्लॉपी तशीच बसलेली. कंप्युटरवाल्यानं बटन दाबून ती भाईर काढली, मशीन परत चालू केलं. घरघर झाली आन् पडदा रंगीत झाला.

"ही माझीच राहिली की!" तो हसाया लागला. "आत फ्लॉपी असली की मशीन आधी तिच्याकडं बघतं. हिच्यात चालू व्हायचं काय न्हाई, म्हनून अडून बसलं."

शेट हसला, कारकून हसला, ड्रायव्हर तर पोट धरून. "मावशी, सगळ्यांना चा टाक."

चा दिला आन् इचारलं, "शेट, उद्या येऊ का?"

"म्हंजे? न येऊन कसं चालंल? पर ऐक, ह्या मशीनला तू हात लावायचा न्हाई. ह्याची धूळ आता कारकून पुसंल."

"बरं," म्हनलं.

एक काम कमी झालं, पगार तेवढाच. शेटनं शिक्षा म्हनून दिलं, म्या पन तोंड पाडून शिक्षा म्हनूनच घेतलं.