निगेटिव्ह त्याच्याच दुकानात

घराची किंमत ठरवणं हा माझा धंदा होता. घर विकायचं नाही, घ्यायचं नाही. कुणाला बँकेचं कर्ज हवं असलं की त्यानं तारण म्हणून दाखवलेलं घर जाऊन बघायचं, टेप लावून मोजायचं, भिंत मातीची की विटेची, वर माळवद की पत्रे, सागवान खरं की नुसतं रंगवलेलं, हे लिहून शेवटी एक आकडा टाकायचा आणि खाली सही करायची. परभणीत तेव्हा हे काम करणारे आम्ही तिघं-चौघंच. बँकेच्या यादीत नाव असलं तरच काम मिळायचं. माझं नाव त्या यादीत कशामुळं टिकून होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी प्रत्येक घराला स्वतः जायचो. पालमला एसटीनं, गंगाखेडला रेल्वेनं, आणि त्यापुढं मिळेल त्या जीपला लोंबकळत. लोक म्हणायचे, कशाला उगं दगदग, घरमालक सांगतोय की सगळं. मी म्हणायचो, घरमालक स्वतःच्या घराबद्दल खरं सांगायला लागेल त्या दिवशी मी हा धंदाच सोडतो.

मग बँकेनं नवीन नियम काढला. रिपोर्टला घराचा फोटो जोडायचा, तिन्ही प्रतींना. आता आली का पंचाईत! मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण काळजी नव्हती, कारण मला एक मित्र होता. शाळेपासूनचा. त्याचा फोटो स्टुडिओ होता, बँकेपासून हाकेच्या अंतरावर. माझ्या लग्नाचे फोटो त्यानं काढलेले, माझ्या लेकीच्या जावळाचे त्यानंच. संध्याकाळचा चहा मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून घ्यायचो, त्यात कधी खंड नाही.

त्यानं मला आधी त्याचा स्वतःचा मोठा कॅमेरा दिला, चालवून बघ म्हणाला. तो घेऊन मी पालमजवळच्या एका गावात गेलो. त्याची ती भिंगं फिरवता फिरवता, उजेड मोजता मोजता सगळी गल्ली गोळा झाली. घरातल्या बायका आत पळाल्या आणि लग्नातली लुगडी नेसून बाहेर आल्या. म्हाताऱ्यानं फेटा बांधला. पोरांचे भांग पाडले. सगळे भिंतीपुढं ओळीनं उभे! मी म्हणतोय, अहो बाजूला व्हा, मला भिंत पाहिजे, तर म्हातारा म्हणतो, "मालकाबिगर घराचा फोटो असतोय का कुठं?" मला भिंतीची भेग हवी होती आणि फोटोत आलं आख्खं खटलं.

दुसरा कॅमेरा आखातातून आलेल्या एका गवंड्याकडं होता, विकायला काढलेला. बटण दाबलं की फोटो तिथल्या तिथं बाहेर. मला तर तो लय आवडला. धुणं नको, वाट बघणं नको. मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण मित्रानं मला वेड्यात काढलं. "ह्याचा कागद परभणीत कुठं मिळणार तुला? आन ह्याला निगेटिव्हच न्हाई. एक फोटो निघाला की संपलं. बँकेला तीन प्रती पाहिजेत, त्या काय हातानं काढणार का?" बोलणं खोटं नव्हतं. आजही मला त्यात चूक सापडत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

शेवटी त्यानंच एक तळहाताएवढा कॅमेरा आणून दिला. काही फिरवायचं नाही, काही मोजायचं नाही. फ्लॅश आतच बसवलेला, त्यामुळं माळवदाच्या अंधाऱ्या खोलीतही तुळई दिसायची. साधे पेन्सिल सेल, ते पालमच्या किराणा दुकानातही मिळायचे. शर्टाच्या खिशात बसायचा, म्हणून कुणाला कळायच्या आत फोटो निघून जायचा. उन्हाकडं पाठ कर, दोन पावलं मागं सर, श्वास धर आणि दाब, एवढं त्यानं मला शिकवलं. माझ्या कामाला याहून सोयीचा कॅमेरा नसता मिळाला. मी भेटेल त्याला सांगायचो, माझ्या दोस्तानं निवडून दिलाय.

रोल भरला की मी त्याच्याकडं टाकायचो. फोटो मी न्यायचो, निगेटिव्ह त्याच्याकडं राहायच्या. आमच्याकडं पद्धतच ती. लग्नाचे असोत की पासपोर्टचे, फोटो गिऱ्हाइकाचे आणि निगेटिव्ह स्टुडिओच्या, पाकिटात घालून, वर नंबर टाकून. माझ्या पाकिटाच्या कोपऱ्यात तो पेन्सिलीनं माझं नाव लिहायचा. निगेटिव्ह मागायच्या असतात हेच कुणाच्या डोक्यात यायचं नाही. मागणं म्हणजे दुकानदारावर संशय घेणं. आणि तो तर माझा मित्र, त्याच्याकडं मी कशाला मागू?

दोन-तीन वर्षं असं बरं चाललं. मग जिंतूरचं काम आलं. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याला मोठं कर्ज हवं होतं. कर्ज मोठं असलं की बँक दोघांकडून किंमत काढून घ्यायची, दोघांनी वेगवेगळं जाऊन. एक मी, आणि दुसरे यादीत नव्यानं आलेले एक इंजिनिअर. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणं. त्यांच्या बुटांवर मी कधी धूळ पाहिली नव्हती.

मी गेलो. उंबऱ्याशी चपला काढल्या, आत जाऊन सगळं घर मोजलं. गल्ली इतकी अरुंद की समोरून घर फोटोत मावेना. मग समोरच्यांना विचारून त्यांच्या माळवदावर चढलो, अनवाणीच. मातीच्या माळवदावर कोण चपला घालून चढतं? तिथून फोटो काढला. व्यापाऱ्याची आई दारात सूप घेऊन उभी होती, ती काही केल्या बाजूला होईना. राहू दिलं तिला. रोल त्याच दिवशी मित्राकडं दिला.

रंगीत रोल तेव्हा धुवायला नांदेडला जायचे. त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला, एसट्या उभ्या राहिल्या. मी दुकानात गेलो की तो म्हणायचा, "रोल अडकलाय रे, गाड्या सुरू होऊ दे." गाड्या सुरू झाल्या, तरी म्हणाला, "लॅबमधी गर्दी हाय, उद्या ये." मी रोज चहा पिऊन परत यायचो. फोटो हातात पडले आठवड्यानं. मी लगेच रिपोर्ट बांधून बँकेत दिला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये ते इंजिनिअर आधीच बसलेले. साहेबांनी टेबलावर दोन रिपोर्ट उघडून ठेवले. दोन्हींत एकच फोटो. तीच म्हातारी, तेच सूप. "यांचा रिपोर्ट चार दिवस आधी आलाय," साहेब म्हणाले. "तुमच्याकडं हा फोटो कुठून आला?"

मला! मला विचारतात, कुठून आला! तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकून त्यांच्या रिपोर्टमधला फोटो बघितला, आणि उंबऱ्याशी माझ्या चपला दिसल्या. डावीचा अंगठा मोच्याकडून पांढऱ्या ठिगळानं शिवून घेतलेला. मी काही विचार केला नाही. पायातली डावी चप्पल काढली आणि सरळ साहेबांच्या टेबलावर ठेवली. "बघा साहेब! ही फोटोतली आणि ही माझी!"

शिपाई दारात खो खो हसला. साहेब नाही हसले. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, चप्पल बघितली, आणि मला वाटलं, सुटलो. पण इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "असतील की यांच्या. आम्ही दोघं नेमके एकाच वेळी तिथं पोचलो होतो. फोटो मी काढला. यांनी तो स्टुडिओतून परस्पर काढून घेतलेला दिसतोय."

इतका गुळगुळीत खोटारडेपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण तेव्हाही मी घाबरलो नाही. उलट म्हणालो, "साहेब, निगेटिव्ह तिथंच आहे. स्टुडिओवाल्याला बोलवा. रोल कुणाचा ते तोच सांगेल." शिपाई गेला. तो येईपर्यंत मी चप्पल पायात घातली आणि निवांत बसलो. खोटं कशाला सांगू, मला मजाच वाटत होती, आता या माणसाचं तोंड कसं होतंय म्हणून.

मित्र आला. दारातून आत आला तेव्हा इतकं हायसं वाटलं की मी उठून त्याला माझी खुर्ची दिली. साहेबांनी विचारलं, "हा रोल तुमच्याकडं कुणी दिला?" त्यानं फोटो हातात घेतला. उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "साहेब, दिवसाला लय रोल येतात. ध्यानात न्हाई."

"अरे, पाकिटावर नाव असतं ना माझं!" मी ओरडलो.

त्यानं खिशातून पाकीट काढून साहेबांपुढं ठेवलं. त्यावर नुसता नंबर होता. कोपरा कोरा. खोडलेला नव्हता, पाकीटच नवंकोरं होतं. म्हणजे दुकानातून निघतानाच तो ते बदलून आला होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो आणि तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

साहेब म्हणाले, "तुमच्यापैकी एकजण खरं बोलतोय. कोण ते मला ठरवता येत नाही, आणि कर्ज मागणाऱ्याची साक्ष मी घेऊ शकत नाही. रिपोर्ट यांचा आधीचा आहे, त्यामुळं तुमचं नाव मला यादीतून काढावं लागेल." आणि माझ्यासमोरच त्यांनी लाल पेनानं रेघ मारली. इतकी वर्षं एसटीचे धक्के खाल्ले ते त्या एका नावासाठी.

बँकेच्या पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. गचांडी धरली. लोक थांबून बघायला लागले, बघू दे. "त्या घरात मी गेलो होतो रे!" मी म्हणालो. आवाज फाटला माझा. "तो माणूस जिंतूरला पाऊल ठेवून आलेला नाही. मी गेलो होतो! तुला ठाऊक होतं ना?"

त्यानं माझा हात सोडवला नाही. चिडलाही नाही. गिऱ्हाइकाला समजावून सांगतात तसं म्हणाला, "ठाऊक होतं म्हणूनच तर तुझा दिला त्येला. बाकीच्यांचे फोटो काय, कुणीबी कुठलंबी घर काढून आणतंय. तू जाऊनच काढतोस."