घरचं अंडं

अंड्यांच्या वखारीत माझ्या मोठ्या जाऊबाईंना सगळे ‘एक्सरे’ म्हणत. मी त्यांना ताई म्हणते. एक्सरे हे नाव मुकादमाने ठेवलं होतं, तेही कौतुकाने. कौतुक हा प्रकार त्याच्याकडून वर्षातून एखाद्या वेळीच घडायचा.

वखारीच्या मागच्या बाजूला काळा पडदा लावलेली एक कोठडी होती, दोन बायका गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढी. टेबलावर पत्र्याचा डबा, डब्यात बल्ब, आणि डब्याला बाटलीच्या झाकणाएवढं भोक. ताई ट्रेमधून अंडं उचलत, जाड टोक भोकाला लावत आणि मनगटाला एक हिसका देत. अंडं आतून उजळायचं आणि दोन श्वासांत निकाल लागायचा. वरची हवेची पोकळी नखाएवढी असली तर ताजं. पोकळी वाढलेली आणि बलक इकडून तिकडे धावणारा असला तर जुनं. रक्ताचा ठिपका, केसासारखा तडा, काळा ढग दिसला तर बाजूच्या टोपलीत. मी समोर बसून चांगली अंडी ट्रेमध्ये भरायची. सतरा वर्षं आम्ही दोघी अशा बसलो. नवऱ्यासमोर मी इतका वेळ बसले असते तर आमचा संसार टिकला नसता.

मला बोलल्याशिवाय राहवत नाही आणि ताईंना बोलायला आवडत नाही, म्हणून आमचं जमलं. मी तोंडाचा पट्टा चालू ठेवायची, त्या मधूनच ‘हं’ म्हणायच्या. एकदा मी मुद्दाम एक उकडलेलं अंडं ट्रेमध्ये मिसळून ठेवलं. त्यांनी ते बल्बपुढे धरलं, क्षणभर थांबल्या, आणि सोलून खाऊन टाकलं. मीठ आणलं नाहीस का, एवढंच विचारलं.

वखारीची एक जुनी पद्धत होती. कामावरच्या प्रत्येकाने संध्याकाळी एक अंडं घरी न्यायचं. त्याला ‘घरचं अंडं’ म्हणत. बाकीचे जाता जाता टोपलीतलं तडा गेलेलं उचलत, कारण ते मोठं असे. ताईंचं तसं नव्हतं. सकाळी आल्या आल्या त्या एक चांगलं अंडं निवडून बाजूला वाटीत ठेवत. दिवसभरात त्याहून चांगलं हाताला लागलं की वाटीतलं ट्रेमध्ये जायचं आणि नवं वाटीत यायचं. संध्याकाळी वाटीत जे उरायचं, ते पाच हजारांतून उरलेलं असायचं.

ते दादांसाठी असायचं. दादा म्हणजे माझे मोठे दीर, ताईंचे मिस्टर. शाळेची बस चालवायचे. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, घास उतरेना. घट्ट काही दिलं की ठसका लागायचा. त्यामुळे रोज सकाळी अर्धवट उकडलेलं, पातळ बलकाचं अंडं, चमच्याने. ताई भरवायच्या आणि दादा चालत्या हाताच्या बोटांनी मार्क द्यायचे, पाचापैकी. कधी तीन, कधी चार. पाच कधीच नाहीत. ‘पाच दिले तर शेफारेल,’ हे वाक्य त्यांना म्हणता यायला अर्धं मिनिट लागायचं, पण ते म्हटल्याशिवाय राहायचे नाहीत. ताईंच्या आयुष्यात हसायची वेळ ती एवढीच. आमचं घर एकच, खोल्या वेगळ्या, त्यामुळे मला पलीकडून ऐकू यायचं.

मग ताई दारांच्या चौकटींना धडकायला लागल्या. आधी मी चेष्टा केली. बाजूला ठेवलेला चहा सांडला, पायरी चुकली, मी शेजारी उभी असूनही ‘कुठे गेलीस’ म्हणून हाका मारायला लागल्या, तेव्हा चेष्टा संपली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, फार पुढे गेलाय. कडेचं दिसणं संपलंय, समोरचं तेवढं शाबूत आहे, नळीतून बघावं तसं.

“गेलेलं परत येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हे थेंब रोज दोन वेळा, न चुकता घातलेत तर उरलेलं टिकेल. चुकवलेत तर तेही जाईल. मग मी काही करू शकणार नाही.”

ताई डोळ्यांत तेल घालून काम करणारी बाई, थेंब कशाला चुकवतील. घड्याळ लावून घालायच्या. वखारीत कुणाला कळू दिलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं. बल्बचं भोक समोरच होतं. अंडं समोरच होतं. त्यांचा निकाल आधी जेवढा बरोबर यायचा तेवढाच आताही येत होता, हे मी शपथेवर सांगते, कारण ट्रे मी भरत होते.

पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा उडाला. मुकादमाच्या अंड्यांचं त्यांना फारसं वाटत नसे, धास्ती होती ती घरच्या अंड्याची. वाटीतलं अंडं त्या तीनदा, चारदा बल्बपुढे धरायच्या. आमच्या कोठडीत ट्रे साचायला लागले.

“तू बघ गं जरा. ठिपका आहे का?”

“नाहीये, ताई.”

“नीट बघ. यांना सोसायचं नाही.”

“मला सगळी अंडी सारखीच दिसतात. मला दिसलं असतं तर मुकादमाने मला एक्सरे नसतं का म्हटलं?”

त्या हसल्या नाहीत. मला खरं तर राग यायचा. रोज तेच. माझ्या नाकावर राग असतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या रागातच मी शहाणपणा पाजळला.

कडक उन्हाळ्याचे दिवस होते. वखारीच्या थंड खोलीचं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीसाठी चार दिवस कुलूप लागणार होतं. ताईंना चार दिवसांची चार अंडी एकदम न्यायची होती. त्यांनी ती सकाळपासून निवडली होती, पण उठायची वेळ झाली तरी त्या बल्बपुढून हलेनात. मुकादम बाहेर किल्ल्या वाजवत होता.

“यातलं एखादं वाईट निघालं तर?” ताई म्हणाल्या. “चार दिवस हाताशी दुसरं नाही.”

“घरोघरी बायका काय बल्ब लावून बसतात? पाण्यात टाकून बघतात. आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेकून द्यायचं. चला, टाकू या. मग तरी तुमचं समाधान होईल.”

कोठडीच्या कोपऱ्यात एक बादली असायची. अंडं फुटलं की त्यात आम्ही हात बुडवायचो. पाणी सकाळचं होतं, आणि त्या दिवशी किती फुटली होती मी मोजलं नव्हतं. वरून पाणी बरं दिसत होतं. मी त्यातच चारी अंडी सोडली. चारी तळाशी आडवी पडली, अगदी सपाट. ताईंचा जीव भांड्यात पडला. मी रुमाल त्याच पाण्यात बुडवून पिळला आणि अंडी त्यात गुंडाळून दिली. आमच्या घरातला फ्रिज कधीच बंद पडला होता, आम्ही त्यात चादरी ठेवायचो. ओल्या फडक्यात गार राहतील, असं मीच म्हणाले.

घरी ताई ते फडकं सारखं ओलं करत राहिल्या.

पहिल्या दिवशी दादांनी तीन मार्क दिले. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, मग ताप. संध्याकाळच्या आत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे त्यांनी तीन दिवस काढले. अंगात मुळात ताकद नव्हती, आणि होती ती सगळी वाहून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खायला दिलं. ताईंनी सांगितलं, रोजचं अंडं. अर्धवट उकडलेलं. “पण ताजं होतं,” त्या म्हणाल्या, “मी स्वतः बघून आणलं होतं.” नंतर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला एकटीला गाठून विचारलं, अंडी धुतली होती का? कशी ठेवली होती?

मी सांगितलं. बादली, रुमाल, सगळं.

ते शांतपणे म्हणाले, अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात आणि वरून एक पातळ थर असतो, तो त्यांना झाकून ठेवतो. अंडं पाण्यात घातलं, ओलं ठेवलं, की तो थर निघतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. त्यात ते पाणी हात धुतलेलं, वर उन्हाळा, आणि अंडं अर्धकच्चं. पाण्यात अंडं जुनं की नवं तेवढं कळतं, आत रोग आहे की नाही ते कळत नाही. “कोरडं ठेवलं असतंत आणि नीट शिजवलं असतंत तर बहुतेक काही झालं नसतं,” असं म्हणून ते दुसऱ्या पेशंटकडे गेले. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला वाटलं, आत्ताच उठावं आणि सांगून टाकावं.

मी आत गेले. ताई दादांचा हात धरून बसल्या होत्या.

“माझ्या डोळ्यांनी घात केला गं,” त्या म्हणाल्या. “ठिपका असणार. मला दिसला नाही.”

आणि मी मूग गिळून गप्प बसले. पट्ट्यासारखं तोंड चालवणारी मी, नेमकी तेव्हा गप्प बसले. त्या क्षणाची मला अजून किळस येते.

दादा गेल्यावर ताईंनी वखार सोडली. मुकादम स्वतः घरी येऊन गेला, त्या भिंतीकडे तोंड करून बसून राहिल्या. आणि त्यांनी थेंब बंद केले. मला आठवड्याने कळलं. बाटली तशीच भरलेली होती.

“ताई, हे काय चालवलंय?”

“कशाला घालू? ज्यांना एक ठिपका दिसला नाही, ते डोळे राखून काय करायचंय?”

“उरलेलं जाईल. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना?”

“जाऊ दे.”

मी भांडले, रडले, नवऱ्याला मध्ये घातलं. एकदा जबरदस्तीने थेंब घालायला गेले तर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, लहान मूल औषधाला मिटतं तसे. एका वाक्याने काम झालं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी रोज यायचं. आज सांगते, उद्या सांगते, जरा सावरू देत, त्यांना सणकून ताप आहे, आज नको. कारणांना काही तोटा नव्हता. खरं एकच होतं, मला भीती वाटत होती. या बाईने मला हाताला धरून कामाला लावलं, माझी दोन्ही बाळंतपणं केली. तिने माझ्याकडे खुनी म्हणून बघितलं असतं, ते मला झेपलं नसतं. म्हणून मी तिला तिच्या स्वतःकडेच तसं बघू दिलं. नऊ महिने.

नऊ महिन्यांनी एका सकाळी त्या खिडकीत बसल्या होत्या. ऊन सरळ तोंडावर येत होतं. त्यांनी मला विचारलं, अजून उजाडलं नाही का?

मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एका डोळ्यात बॅटरी मारली, मग दुसऱ्यात. मग माझ्याकडे बघून मान हलवली. आता उपयोग नाही, त्यांनी मला ओठांनीच सांगितलं. ताईंना ते दिसलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि समोर जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. बादलीचं पाणी, ओला रुमाल, व्हरांड्यातले डॉक्टर. मी हे नऊ महिने दाबून ठेवलं हेही. मी वाट बघत होते की त्या मला मारतील, हाकलतील, निदान रडतील. मला ते हवं होतं.

त्यांची बोटं हवेत हलत होती, मनगट हलकेच वळत होतं.

“म्हणजे ठिपका नव्हता,” त्या म्हणाल्या.

“नव्हता, ताई.”

“चारी चांगली होती.”

“चारी. तुम्ही बरोबर निवडली होती.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दादा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं होतं. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही. त्या खुर्चीत सरळ बसल्या, केसांवरून हात फिरवला.

“मग ते थेंब आण गं. घालू या परत.”

मी उठले. बाटली आणली. त्यांनी मान मागे टाकली आणि दोन्ही डोळे मोठ्ठे उघडे धरले. मी एकेक थेंब सोडला. तो गालावर ओघळला, मी पुसला.

“किती दिवसांत फरक पडेल?” त्यांनी विचारलं.

“महिनाभर तरी लागेल, ताई,” मी म्हणाले.