साहेबांच्या फाटकासमोर नऊ फेऱ्या

आमच्या गल्लीत बातमी होती, की माझी मावशी अठ्ठावन्नाव्या वर्षी प्रेमात पडली. रोज सकाळी सहाला ती शिवणकारखान्याच्या साहेबांच्या फाटकासमोरून नऊ वेळा जाते, त्यांच्या खिडकीकडे बघते आणि काहीतरी पुटपुटते. आता याला दुसरं काय म्हणायचं?

सूड म्हणायचं. ती काय पुटपुटायची ते मला ठाऊक आहे, कारण शेजारी सायकलवर मी होते.

मावशी त्याच कारखान्यात बावीस वर्षं कटिंग मास्तर. चौथ्या मजल्यावर लांबलचक टेबल, कापडाचे थर आणि तिची मोठी कात्री. लिफ्ट एकच, मालाची. माणसांपैकी तिच्यात फक्त साहेब चढतात. मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर मावशीला धाप लागली आणि ती पायरीवर बसली. साहेब वरच्या कठड्यावरून बघत होते. दर वाक्याआधी ते घशातली मोटार सुरू करतात.

"अहंम्! मावशी, आता तुम्हाला ताग्यांबरोबर मालाच्या लिफ्टमधूनच वर आणावं लागेल!"

सगळा जिना हसला. दुसऱ्या दिवशी कात्री साहेबांच्या मेहुण्याकडे गेली आणि मावशी तळमजल्यावर बटणं निवडायला.

घरी ती रडली नाही. "त्याचे दात त्याच्याच घशात घालीन आणि माझी कात्री परत आणीन," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला. गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग ठेवा."

"बोलायचं काय?"

"काहीही."

मावशी काहीही बोलणाऱ्यांतली नव्हे. चालायला तिने साहेबांचा रस्ता निवडला आणि बोलायला साहेबांचंच वाक्य.

पहिल्या आठवड्यात ते असं यायचं: "आता तुम्हाला... हुश्श... ताग्यां... बरोबर... थांब गं, किती दामटतेस ती सायकल... मालाच्या..." फाटक मागे पडायचं, वाक्यातली लिफ्ट काही यायची नाही. दीड महिन्यात वाक्याचे दोनच तुकडे उरले. तिसऱ्या महिन्यात अख्खं वाक्य एका दमात, वर 'अहंम्' फुकट. तेही मी करायचे त्या साहेबांच्या नकलेतून उचललेलं. साखर उतरली, डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी अर्धी केली, पायांची सूज गेली, झोप लागू लागली. मावशीला त्याचं काही नाही. "आज पडदा हलला बघ त्याचा," याचाच आनंद.

अशात मेहुण्याने तीनशे शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. त्या दिवशी मी मावशीचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. बघते तर ती साहेबांसमोर उभी.

"माझी कात्री द्या."

"अहंम्! चारही मजले न थांबता चढून दाखवा. मग बघू."

"चला की बरोबर. खरंखोटं बघायला कुणीतरी हवं ना?"

बायका मशिनी थांबवून बघत होत्या. साहेबांना नाही म्हणता येईना. मावशी चढताना अखंड बोलत होती: डाव्या बाह्या, उजव्या बाह्या, मेहुण्याची अक्कल. साहेबांची मोटार दुसऱ्या मजल्यावर खोकली, तिसऱ्यावर बंद पडली. ते बसले. पायरी तीच.

मावशी चार पायऱ्या वरून वळली.

"अहंम्! साहेब, आता तुम्हाला ताग्यांबरोबर मालाच्या लिफ्टमधूनच वर आणावं लागेल!"

सगळा जिना हसला. मागच्यापेक्षा जरा जास्तच.

संध्याकाळच्या आत कात्री तिच्या हातात होती. घरी आल्यावर मी पैज लावली. "झाला तुझा सूड उगवून. आता तू त्या फाटकाकडे फिरकायची नाहीस. फिरकलीस, तर महिनाभर सायकल घरी ठेवून मी तुझ्याबरोबर चालेन."

"बघ हं. मागून रडायचं नाही."

सकाळी पावणेसहाला माझं पांघरूण ओढलं गेलं.

"अगं, आता कशाला?"

"डॉक्टरीणबाईंनी थांबा म्हटलंय का? आणि कात्री मिळालेली मावशी कशी चालते, ते त्याने अजून कुठे बघितलंय? ऊठ. सायकल राहू दे घरीच."

चौथ्या फेरीला फाटक आलं. पडदा हलला. मी लगेच साहेबांची नक्कल करायला गेले. "अहंम्... आता तुम्हाला... ताग्यां... मावशी, थांब ना गं..."

लिफ्टपर्यंत मी काही पोचले नाही.